नदी किती चढणार? वैनगंगा-वर्धा काठासाठी तीन मोफत पूर-अंदाज सेवांची पारख

पावसाळ्यात काठावरच्या गावाला एकच गोष्ट कळायला हवी असते: पाणी कुठवर येईल आणि कधी येईल. याचं उत्तर मोबाईलवर फुकट देणाऱ्या तीन सेवा आज हाताशी आहेत. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप, गूगलचं ‘फ्लड हब’ आणि युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमातली ‘ग्लोफास’. तिन्हींना आम्ही एकच कसोटी लावली आहे. शेतकऱ्याला काठावरचा मोटारपंप काढायला, पोलीस पाटलांना खोलगट मोहल्ला रिकामा करायला आणि ग्रामपंचायतीला रपट्यावर (पाण्यात बुडणाऱ्या ठेंगण्या पुलावर) माणूस उभा करायला त्यातून किती वेळ हाती येतो?

निकाल आधीच सांगतो. पाच-सहा दिवस आधीची चाहूल ग्लोफास आणि फ्लड हब देतात. शेवटच्या चोवीस तासांत फ्लडवॉच आणि धरणाचा विसर्ग यांवरच भिस्त ठेवावी. तुमच्या घाटाची पायरी मात्र तिघांपैकी कोणालाच माहीत नाही. ती जोड गावाने दिली नाही, तर तिन्ही सेवा शोभेच्या राहतात.

ही पारख आत्ताच करण्याचं कारण हवामानात आहे. काठावरची गावं पिढ्यानपिढ्या खुणांवर चालत आली. देवळाच्या अमुक पायरीला पाणी लागलं की गोठे मोकळे करायचे, पुष्य-आश्लेषात नदी एकदा तरी दुथडी भरणार हे धरून रोवणीचं गणित बसवायचं. या खुणा खऱ्याच होत्या, पण ज्या पावसावर त्या बसवल्या होत्या तो पाऊस बदलतो आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस पडतो तेव्हा दणकून पडतो, आणि दोन पावसांमधला खंड लांबतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. वैनगंगा आणि वर्धा याच पट्ट्यात वाहतात.

नद्यांचं हे बदलणं जगभर चाललं आहे, मात्र सगळीकडे सारखं नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने जगभरातल्या ७,२५० मापन केंद्रांच्या १९७१ ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या. कुठे प्रवाह वाढलेले दिसले, कुठे आटलेले; आणि हा नकाशा हवामान बदल हिशेबात धरल्याशिवाय जुळत नाही, असं त्यातून निघालं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा २००० ते २०१४ मधला सरासरी प्रवाह १९०६ ते १९९९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी होता, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश घट निव्वळ वाढलेल्या तापमानाने झालेली आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर काउब इथल्या मापनपट्टीवरची पातळी ऑक्टोबर २०१८ मध्ये २५ सेंटिमीटरवर उतरली आणि मालवाहू बोटींना अर्धामुर्धा माल घेऊन जावं लागलं. ब्राझीलमध्ये मनाउस इथे रिओ निग्रो नदीच्या नोंदी १९०२ पासून आहेत. तिथे २०२३ मध्ये नीचांक झाला आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२३ हे जगातल्या नद्यांसाठी तीन दशकांहून अधिक काळातलं सर्वांत कोरडं वर्ष होतं.

हिमालयातून येणाऱ्या नद्यांना बर्फाचा आधार आहे, निदान काही दशकं तरी. आपल्या नद्यांना तो नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा इथे उगम पावते आणि पावसावरच जगते. अशा नदीत पावसातला फरक प्रवाहात मोठा होऊन उतरतो. समजा, खोऱ्यात १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला ८०० जमीन, पिकं आणि जंगल परत हवेत सोडतात आणि ४०० नदीला मिळतो. पाऊस दहा टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर घटला, तरी पिकं आणि झाडं आपली तहान फार कमी करत नाहीत. त्यांचा वाटा २० ने कमी झाला असं धरलं तर नदीच्या वाट्याला ३०० उरतात. पावसात दहा टक्के घट, नदीत पंचवीस टक्के. पाऊस वाढतो तेव्हाही गणित याच रीतीने उलट्या बाजूला जातं. पूर-अंदाज देणाऱ्या कोणत्याही सेवेची खरी परीक्षा इथे असते: पावसाच्या अंदाजातली थोडी चूक नदीच्या अंदाजात दुप्पट-तिप्पट होते.

आता एकेक सेवा.

फ्लडवॉच इंडिया १७ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५९२ पूर-निरीक्षण केंद्रं आणि १५० मोठ्या धरणांचे साठे आले. ॲप हिंदी आणि इंग्रजीत सुरू झालं, माहिती वाचता येते आणि ऐकताही येते. नकाशावर केंद्राच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की सध्याची पातळी, इशारा पातळी, धोका पातळी आणि आजवरची सर्वोच्च पूर पातळी दिसते. रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. हिरवा म्हणजे इशारा पातळीच्या खाली, पिवळा म्हणजे इशारा आणि धोका यांच्या मध्ये, केशरी म्हणजे धोका ओलांडला, लाल म्हणजे आजवरचा उच्चांकही मोडला.

या ॲपचं मोल यात आहे, की त्यातली पातळी प्रत्यक्ष मोजलेली असते. विदर्भात जल आयोगाची मापनं वैनगंगेवर पवनी आणि आष्टी, वर्धेवर घुग्घुस आणि बामणी, तर या दोघींच्या संगमातून बनलेल्या प्राणहितेवर टेकडा अशा ठिकाणी होतात. वैनगंगाकाठाने फक्त खालचं केंद्र बघून चालत नाही. वरची, मध्य प्रदेशातली केवलारी आणि कुम्हारी ही केंद्रं आधी बघायची सवय लावावी. तिथे चढलेलं पाणी खाली येणारच.

नवख्या माणसाची हमखास चूक आकडा वाचताना होते. भंडाऱ्याच्या कारधा पुलाजवळ वैनगंगेची धोका पातळी २४५.५० मीटर आहे, याचा अर्थ नदीत २४५ मीटर पाणी आहे असा नाही. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. कामाचा असतो तो फरक: पातळी आत्ता २४४.१० असेल तर धोक्याला १.४० मीटर बाकी. आणि त्याहून कामाचा असतो वेग: तासाला १० सेंटिमीटर चढत असेल तर हातात चौदा तास आहेत, ३० ने चढत असेल तर पाचही नाहीत. लागोपाठ तीन तासांचे आकडे कागदावर लिहून वेग काढा. एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नका.

उणीव म्हणाल तर केंद्रं विरळ आहेत. दोन केंद्रांमधलं गाव आंधळंच राहतं, आणि ठोस अंदाज साधारण चोवीस तासांचा असतो. सात दिवसांचा नुसता सल्ला असतो. चोवीस तासांत माणसं आणि ढोरं निघतात. शेतातलं सामान, खताची पोती, ऑइल इंजिन, पाईप हे सगळं निघायला मजूर आणि ट्रॅक्टर मिळावा लागतो, आणि सगळ्या गावाला तो एकाच वेळी हवा असतो. हा जास्तीचा वेळ पुढच्या दोन सेवांतून मिळतो.

गूगल फ्लड हबला वेगळं ॲप लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडतं. नकाशा जवळ आणला की नदीवर खुणा दिसतात. खुणेवर दाबलं की गेल्या काही दिवसांचा आणि पुढच्या सात दिवसांचा आलेख येतो. आलेखावर इशारा, धोका आणि अतिधोका अशा आडव्या रेषा असतात. जिथे स्थानिक पातळी ठरलेली नाही तिथे त्या अनुक्रमे दोन, पाच आणि वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रवाहावर बसवलेल्या आहेत. काही ठिकाणं पडताळलेली आहेत, काही नाहीत. पडताळणी न झालेली ठिकाणं वेगळी दाखवता येतात. ती बघा, पण त्यांना इशाऱ्याचा मान देऊ नका.

यामागचं तंत्र आमच्या मते या तिघांत सर्वांत वेगळं आहे. गूगलच्या संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या कामात ५,६८० मापन केंद्रांच्या नोंदींवर एकच संगणकी मॉडेल शिकवलं होतं. जगभरच्या नद्यांकडून शिकल्यामुळे ज्या नदीवर एकही पट्टी नाही तिथेही ते अंदाज देतं, आणि पाच दिवस पुढचा त्याचा अंदाज जुन्या पद्धतीच्या त्याच दिवसाच्या अंदाजाइतका भरवशाचा निघाला. हवामान बदलाच्या काळात याचा खास उपयोग आहे. विदर्भात कधी न पडलेला पाऊस जगात दुसरीकडे कुठे तरी पडून गेलेला असू शकतो, आणि मॉडेलने तो पाहिलेला असू शकतो. पण शिकलेल्या मर्यादेच्या पलीकडचा पाऊस आला तर असं मॉडेल शिखर कमी दाखवण्याचा धोका राहतो. म्हणून अतिधोक्याच्या रेषेजवळ आलेख गेला, की ‘रेषेच्या थोडा खालीच आहे’ असा दिलासा घेऊ नये. तयारी अतिधोक्याचीच करावी.

फ्लड हबचा मोठा गुण सोपेपणा. दहावी शिकलेल्या मुलाला पाच मिनिटांत वाचता येतं. मोठा दोष असा, की आलेखावर एकच रेघ असते आणि ती बघून माणसाला खात्री वाटते. पाच दिवसांनंतरचा पाऊस एका रेघेत मावत नाही.

तो पसारा दाखवते ती ग्लोफास. ही सेवा युरोपियन मध्यम-पल्ला हवामान केंद्र चालवतं, २०१८ पासून ती पूर्ण क्षमतेने सुरू आहे. जुलै २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून तिचा नकाशा साधारण ५ किलोमीटरच्या चौकटींचा आहे. मोफत नोंदणी करावी लागते, मांडणी क्लिष्ट आहे आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर डोळ्यांना त्रास होतो. सेतू केंद्रातल्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर बघणं बरं. इतका त्रास घेऊनही ती बघावी असं आम्ही आग्रहाने सांगतो, कारण ती एक अंदाज देत नाही, ५१ देते.

त्याचं कारण असं. आजच्या हवेचं मोजमाप कधीच पूर्ण अचूक नसतं. म्हणून आरंभीची स्थिती जराशी बदलून पावसाचं गणित ५१ वेळा केलं जातं आणि प्रत्येक पाऊस नदीत सोडला जातो. ५१ पैकी १७ वेळा नदी पाच वर्षांच्या पुराची रेषा ओलांडत असेल तर शक्यता ३३ टक्के. नकाशावर पिवळा म्हणजे दोन वर्षांचा पूर, लाल म्हणजे पाच, जांभळा म्हणजे वीस. खुणेवर दाबलं की दिवसवार शक्यतांचा तक्ता उघडतो, आणि त्यात आधीच्या दिवशी काढलेले अंदाजही दिसतात. हा तक्ताच या सेवेचा गाभा आहे. कालच्या, परवाच्या आणि आजच्या अशा तीन अंदाजांत त्याच तारखेभोवती शक्यता टिकून असेल किंवा वाढत असेल, तर कामाला लागा. एका दिवशी जांभळं दिसलं आणि दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं, तर थांबा.

तेहतीस टक्क्यांवर काय करायचं, हे मात्र सेवा सांगत नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. हिशेब साधा आहे. समजा, काठावरून मोटार, स्टार्टर आणि पाईप काढून वर न्यायला मजुरी आणि ट्रॅक्टर धरून १,५०० रुपये लागतात, आणि वाहून गेल्यास ३०,००० चं नुकसान आहे. पंधराशेला तीस हजारांनी भागलं तर ५ टक्के येतात. म्हणजे शक्यता ५ टक्क्यांहून जास्त असली की मोटार काढणं फायद्याचं. तयार होत आलेलं पीक अर्धकच्चं कापायचं झालं तर खर्च खूप मोठा, मग ६०-७० टक्क्यांची वाट बघावी. अशा कामांची यादी जूनपूर्वीच करून प्रत्येकासमोर त्याचा टक्का लिहून ठेवावा. पूर तोंडावर असताना असा हिशेब कोणाला सुचत नाही. माणसांच्या जिवाला हा हिशेब लावायचा नाही, तिथे प्रशासनाची सूचना आली की निघायचं.

ग्लोफासचे घनमीटरमधले आकडे धरणाच्या आकड्यांशी ताडून बघू नका. मॉडेलचं पात्र आणि खरं पात्र यांत फरक असतो, त्यामुळे आकडा सरसकट कमी किंवा जास्त असू शकतो. तुलना मॉडेलच्या स्वतःच्या रेषांशीच करायची. आणि या रेषाही १९७९ पासूनच्या हवामानावर बसवलेल्या आहेत. वीस वर्षांतून एकदा येणारा पूर याचा अर्थ दरवर्षी ५ टक्के शक्यता. वीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. पाऊस बदलून तोच पूर दहा वर्षांचा झाला, तर वीस वर्षांतली शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. नकाशावरचा जांभळा रंग तोच राहतो, त्यामागचा धोका वाढलेला असतो. घरकुलाची किंवा पिठाच्या गिरणीची जागा ठरवताना ‘वीस वर्षांचा’ या शब्दांवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही सेवांच्या पानांवरून सहज लक्षात येत नाही. फ्लड हब आणि ग्लोफास दोघंही पावसाच्या अंदाजासाठी त्याच युरोपियन केंद्रावर अवलंबून आहेत, गूगल त्यात इतर स्रोतांची भर घालतं. त्यामुळे दोघांचं एकमत झालं म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या असं होत नाही. तिसरी साक्ष भारतीय हवामान विभागाकडून घ्यावी. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार ही त्यांची वर्गवारी पाठ असलेली बरी. इशारा बघताना आपला जिल्हा बघून भागत नाही. भंडाऱ्याने सिवनी-बालाघाट बघावं, रामटेक-मौद्याने छिंदवाडा, आर्वी-पुलगावने अमरावती आणि बैतूल.

आता या सगळ्यांची दुखरी नस: धरणाची दारं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात पाऊस झाला, वैनगंगेवरच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, खालच्या गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारं उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. गोसीखुर्दचा जिवंत (वापरता येणारा) साठा सुमारे ७४० दशलक्ष घनमीटर. ऐकायला प्रचंड वाटतो. पण सेकंदाला १०,००० घनमीटर पाणी येऊ लागलं तर दिवसाला ८६४ दशलक्ष घनमीटर होतात, म्हणजे रिकामं धरणसुद्धा एकवीस तासांच्या आत भरेल. ऑगस्टमध्ये ते रिकामं नसतंच. मग दारं कधी आणि किती उघडायची हा निर्णय माणसं घेतात, आणि जगाचं कोणतंही मॉडेल तो आधी ओळखू शकत नाही. ग्लोफास धरणांना ठरावीक नियम लावते, त्यामुळे धरणाखालच्या गावासाठी शिखराची वेळ बारा-पंधरा तास इकडे-तिकडे होऊ शकते. धरणाच्या खाली असाल तर या दोन सेवांमधून ‘पाणी येणार का’ एवढंच घ्यावं, ‘किती वाजता’ हे विसर्गाच्या संदेशातून घ्यावं.

विसर्गाचा संदेश वाचायला दोन एककं यायला हवीत. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. एका धरणाचा संदेश क्युसेकमध्ये आणि दुसऱ्याचा क्युमेकमध्ये आला की गावात घबराट किंवा गाफीलपणा यांपैकी एक ठरलेला. ७०,००० क्युसेक म्हणजे साधारण १,९८० क्युमेक. भागून बघितल्याशिवाय संदेश पुढे पाठवू नये.

संदेशानंतर वेळ किती मिळतो? भरलेल्या मोठ्या नदीत पुराची लाट ताशी साधारण ५ ते ९ किलोमीटर सरकते. शंभर किलोमीटरला अकरा ते वीस तास. पाणी काठ सोडून शेतशिवारात पसरलं की लाट मंदावते, पण मग ओसरायलाही वेळ लागतो. धरणाने दारं उघडल्याची वेळ आणि तुमच्या घाटावर पाणी चढायला लागल्याची वेळ दर पुरात लिहा. दोन-तीन पुरांत तुमच्या गावाचा स्वतःचा आकडा तयार होतो आणि तो कोणत्याही सूत्रापेक्षा चांगला असतो.

दाबाचं पाणी, म्हणजे मोठ्या नदीने उपनदीचं अडवलेलं पाणी, हा दुसरा फसवा प्रकार. वर्धा फुगली की इरईचं पाणी चंद्रपुरात मागे सरकतं. भामरागडला इंद्रावती चढली की पर्लकोटाला वाट मिळत नाही. चुलबंद, खोब्रागडी, कठाणी यांच्या मुखाजवळच्या गावांतही हेच होतं: आपल्या नदीवर पाऊस नाही, सेवेवर आपली नदी हिरवी, आणि पाणी मात्र चढत चाललंय. तिन्ही सेवांचं ठिकाणवार उत्तर इथे चुकू शकतं. संगमाच्या दहा-पंधरा किलोमीटर आत असाल तर मोठ्या नदीचाच ठिपका तुमचा समजा.

नाल्यांसाठी यांतली एकही सेवा कामाची नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. यवतमाळ, वाशीम, अकोल्याच्या काळ्या जमिनीवर नाला दोन-तीन तासांत भरतो. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर जुलै २०२३ मध्ये लोक पुरात अडकले, अशा पुराची पाच दिवस आधी जागा सांगणारं साधन नाही. तिथे हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज, आपत्ती व्यवस्थापनाच्या ‘सचेत’चे संदेश आणि वरच्या मंडळातला पाऊस बघावा. काळी जमीन जूनमध्ये भेगांतून पहिला पाऊस पिऊन घेते. ऑगस्टमध्ये फुगून बंद झालेली असते आणि तेवढाच पाऊस सरळ नाल्यात येतो. पूर्वेकडे धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव हेच काम करतात. ते भरेपर्यंत नदी शांत, भरून सांडले की एकदम उसळी. म्हणून ‘मागच्या महिन्यात एवढ्या पावसात काही झालं नव्हतं’ हा दाखला धरू नये.

आता गावाने द्यायची जोड. पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या घाटाच्या भिंतीवर, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून सर्वांत वरच्या पूररेषेपर्यंत, ऑइलपेंटने पट्टी रंगवायची. दर १० सेंटिमीटरला रेघ, दर मीटरला मोठा आकडा. खांबाची प्रवाहाकडची बाजू टाळा, तिथे पाणी आपटून वर चढतं आणि आकडा फसवतो. आडोशाची बाजू घ्या. पुलाला हात लावण्याआधी बांधकाम विभागाची परवानगी घ्यावी. रंगवल्यावर बुजगावण्यासारखी ती तशीच उभी ठेवायची नाही, नोंदवही लागते: तारीख, वेळ, आपली पट्टी, जवळच्या केंद्राची फ्लडवॉचवरची पातळी, धरणाचा विसर्ग. पुरात दर दोन तासांनी, एरवी सकाळी एकदा. एका पावसाळ्यात पंधरा-वीस जोड्या मिळाल्या की ‘वरच्या केंद्रावर अमुक, तर नऊ तासांनी आपल्याकडे तमुक’ असा तक्ता हाती येतो. त्याच पट्टीवर रपटा कोणत्या आकड्याला बुडतो, पहिलं घर कोणत्या, डीपी कोणत्या, हे लाल रंगाने लिहायचं. डीपीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण लाईन आधी बंद करून घ्यावी लागते.

रेतीचा उपसा झाला किंवा नवा बंधारा झाला की पात्र बदलतं आणि तक्ता जुना होतो. दर उन्हाळ्यात तपासावा. मॉडेलनाही हीच अडचण आहे. पेंच नदीवर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर खालच्या तोतलाडोह धरणाला येणारं पाणी घटलं. नदीतला प्रत्येक बदल हवामानाच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि जुन्या प्रवाहावर बसवलेला अंदाज दोन्ही प्रकारांत चुकतो.

पुढच्या दशकांचा नकाशा हवा असणाऱ्यांसाठी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा ‘ॲक्वेडक्ट’ आहे. ऑगस्ट २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत २०३०, २०५० आणि २०८० चे अंदाज आहेत. खोऱ्यांची तुलना करायला, शाळेत शिकवायला चांगला. एका गावाची विहीर किंवा उपसा सिंचन योजना त्यावरून ठरवू नये; तो नकाशा उपखोऱ्याच्या मापाचा आहे.

आमची पसंती विचाराल तर धरणाच्या वर आणि मोकळ्या नदीकाठी ग्लोफास पहिली, धरणाखाली फ्लडवॉच पहिलं, आणि ज्यांना रोज पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येणार नाही त्यांनी फ्लड हब. तिघांनाही नेट लागतं, आणि पूर आला की आधी वीज जाते, मग टॉवर. त्यामुळे पाहायचं ते दोन दिवस आधी पाहून, तक्त्यावरचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावेत, कोतवालामार्फत दवंडी द्यावी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम ठेवावा. पाटबंधारे विभागाकडे एक मागणी गावांनी लेखी करावी: विसर्गाच्या संदेशात आत्ताचा आकडा तर असावाच, पुढच्या सहा आणि बारा तासांत तो कितीवर नेणार हेही असावं. तेवढं मिळालं तर गावाच्या त्या तक्त्यातली सर्वांत मोठी मोकळी जागा भरते.